सदतीस पांढरी माणसं

मुग्धा : सिस्टर, तुम्ही सिस्टर लोक सोडून बाकीचे सगळे तुमच्या मिशनमध्ये कोण असतात? नोकर की पाहुणे?

सिस्टर लवीना : हे तुझ्या डोक्यातलं न्हवे. कुणी पैज लावली?

मुग्धा : भूमिका आणि दिव्यश्रीनं. म्हणाल्या, मुग्धा, तुझी टाप नाही विचारायची. पण उत्तर मला हवंय, त्यांना नाही.

सिस्टर लवीना : खानापूरची आहे मी. मराठी कळते तसा टोमणापण कळतो. ऐक. व्रत न घेतलेल्यांना आम्ही प्रापंचिक म्हणतो. घरदार सांभाळून आमच्या कामात वाटेकरी होणारे.

मुग्धा : वाटेकरी! मग आईचा वाटा कुठाय? संध्याशाळा तिनं सुरू केली. पत्र्याच्या शेडमध्ये, बांधकामावरच्या सहा मुलांना घेऊन. तेव्हा मी चार वर्षांची होते, सातवी मी! आणि काल तुम्ही मला सांगता, मी करतेय त्या स्लाइड शोमधल्या शेडच्या फोटोतून आईला काप.

सिस्टर लवीना : सुवर्णमहोत्सव संस्थेचा आहे की गं. आमच्या सगळ्यांच्या वरच्या मदर जनरल रोमहून येणार. पडद्यावर त्यांना त्यांच्या सिस्टर दिसू देत. आणि तुझ्या आईला विचारलं मी. हसून चालेल म्हणाली.

मुग्धा : आई सगळ्यालाच चालेल म्हणते.

सिस्टर लवीना : ते मग तिच्याशी भांड जा. सांगितलंय तेवढं काप. स्कूल कॅप्टन आहेस, शाळेची शोभा राख.

मुग्धा : कापते सिस्टर. नीट कापते. अगदी कडेकडेनं.

(चार दिवसांनी, दुपारी. महोत्सव उरकून घरी निघालेली गाडी बंगळूरच्या सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये उभी आहे.)

मुग्धा : बारा फोटो, सदतीस माणसं! एकही प्रापंचिक ठेवला नाही. नुसती पांढरी भोकं, माणसांच्या आकाराची. शेडच्या फोटोत तर सिस्टर एका भोकाच्या खांद्यावर हात ठेवून हसतायत. बाबा, पाहिलंत ना?

बाबा : पाहिलं. ऑनेस्टली, मदर जनरलनी चष्मा काढून पुसला तेव्हा मला...

आई : विलास, तू पुढे बघ.

बाबा : पुढे बघून काय, गाडी इंचभर हलत नाहीये.

मुग्धा : आणि वस्तीतल्या बायका! आधी हसल्या. मग ती मेस्त्रीची बायको उठून ओरडली, ‘इदु नम्म अक्का!’ ही आमची अक्का! तुझं भोक ओळखलं तिनं, आई! अंबाड्यावरून! मग काय, प्रत्येक भोकाला नाव. रणजीतसर! अंजलीटीचर! सिस्टर लवीना माइक शोधत होत्या आणि माइक माझ्याकडे. किती मज्जा आली!

आई : झालं तुझं?

मुग्धा : तुला नाही आवडलं? तुझ्यासाठी केलं मी.

आई : सिस्टरांनी मला एका फोटोतून कापलं. तू पाचातून.

मुग्धा : ते वेगळं, आई. त्यांनी लपवायला कापलं, मी दाखवायला.

आई : बरं. खंडोजीअण्णांना काय दाखवलंस?

मुग्धा : व्हॅनवाले अण्णा? ते आले होते?

आई : शेवटच्या रांगेत होते. देवनहळ्ळीहून, जमनाबाईंना घेऊन, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. बावीस वर्षं त्यांनी मुलांची व्हॅननं ने-आण केली. त्यांना कापायला सिस्टरांनी सांगितलं नव्हतं, मुग्धा. तो फोटो स्वतः सिस्टरांनी निवडला होता आणि फोन करून त्यांना म्हणाल्या होत्या, या, तुम्ही पडद्यावर आहात.

मुग्धा : मला नव्हतं माहीत.

आई : जमनाबाई दर फोटोला विचारायच्या, ‘कुठं आहात हो तुम्ही?’ अण्णा म्हणायचे, ‘स्वल्प थांब, येतंय की.’ शो संपला, दिवे लागले, तरी उभेच. ‘येतंय, येतंय.’

बाबा : हे मला बोलली नाहीस तू.

आई : तू हसत होतास ना.

मुग्धा : पण बायकांनी सगळ्यांची नावं घेतली. त्यांचंपण घेतलं असेल.

आई : नाही घेतलं. व्हॅनच्या दारामागून अर्धेच दिसायचे ते त्या फोटोत. एक कोपर आणि टोपी. तेवढ्या भोकावरून कोण ओळखणार? जेवायला थांबा म्हटलं, तर म्हणाले, बस चुकेल. जेवणाची पानं अजून मांडलीही नव्हती.

बाबा : हे बघ, मुग्धा. सिस्टरांचा मेसेज आलाय. सोमवारपर्यंत लेखी माफी, नाहीतर कॅप्टनचा बॅज परत. चार ओळी टाइप कर, सॉरी म्हण, मॅटर क्लोज. बोर्डाचं वर्ष आहे.

मुग्धा : आई, अण्णांची बस गेली असेल का गं?

बाबा : ऐकतेयस ना?

आई : रडू दे तिला, विलास. गाडी हलली बघ, घे पुढे.

मुग्धा : मी रडत नाहीये. माझं ठरलंय. दोघांनी ऐका, मध्ये बोलू नका. सिस्टरांना मी पत्र देणार नाही. मला सूड उगवायचा होता, उगवला, आणि त्यांचा चेहरा आठवून मला अजूनही बरं वाटतंय. सोमवारी बॅज त्यांच्या टेबलावर ठेवीन.

बाबा : अगं पण...

मुग्धा : बाबा, मध्ये नाही. उद्या सकाळी मी देवनहळ्ळीला जाणार आहे, एकटी, बसनं. अण्णांच्या घरी. न कापलेला फोटो मोठा करून नेणार आहे. जमनाबाईंना दाखवीन, हे बघा, दारामागे आहेत ते. आणि मग अण्णांना सांगेन, तुम्हाला कापलं होतं ते मी.