कर्णिकसाहेब फोनवर आहेत

अध्यक्षस्थानी असलेल्या आपल्या दुबईतल्या अल कुसैसच्या मराठी मंडळाच्या कुंदाताई चिटणीस, मंचावरचे सन्माननीय पाहुणे आणि समोर जमलेले माझे बंधुभगिनी, सर्वांना मानाचा नमस्कार. सत्कारमूर्ती प्रल्हाद कर्णिकसाहेबांनाही केला असता, पण त्यांची खुर्ची रिकामी आहे. ते बाहेर कॉरिडॉरमध्ये फोनवर आहेत. का, ते सांगतो, कारण गप्प बसलो तर मला वेड लागेल.

मी व्हिन्सेंट तुस्कानो, मूळचा वसईचा. माझी क्रिस्टिना आफ्रिकेतल्या एका बंदरावर हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. काल तिथली पलटण तिथल्याच सरकारवर उलटली. हॉटेलच्या गेटवर बंदूकवाले, आत आपली माणसं आणि समोर धक्क्यावर त्यांना न्यायला आलेलं जहाज. गेट उघडायचं की नाही, हे त्या पलटणीच्या मेजरच्या हातात. साहेब पूर्वी त्याच गावी वकिलातीत होते, म्हणून तो नालायक निदान त्यांचा फोन तरी घेतो. आज साहेब इथल्या वकिलातीतून रिटायर होताहेत. काय मुहूर्त काढलाय बघा!

कुंदाताई, खुणा करू नका, आवरतो.

साहेब दर गणपतीत चीनची एक गोष्ट सांगतात. तिकडे बादशहा होते तेव्हाची. सेनापतीची बदली झाली म्हणून एका बंदरातले सैनिक बिथरले आणि त्यांनी परदेशी कॉन्सुलच्या बंगल्याला वेढा घातला. आतले व्यापारी ओरडायला लागले, युद्धनौका बोलवा, तोफा डागा! कॉन्सुलने काय करावं? सेनापतीलाच चहाला बोलावलं! आता तिथली रीत अशी, की यजमानाने पेला उचलला की भेट संपली. हा गृहस्थ पेल्याला हातच लावेना. मुलाबाळांची चौकशी, हवापाण्याच्या गप्पा. सेनापतीला उठता येईना, आणि तो आत असताना सैनिक गोळी कशी झाडणार? शेवटी भुकेने कंटाळून बराकीत परतले. खरी किती, देव जाणे. मी तर दरवेळी हसायचो.

मघाशी साहेबांवर ओरडलो. म्हटलं, "अहो, धमकी द्या त्याला! त्याच्या आईच्या गुडघेदुखीची कसली चौकशी करताय?" फोनवर हात ठेवून म्हणाले, "व्हिन्सेंट, तो माझ्याशी बोलतोय तोवर कुणाला हुकूम देत नाहीये. तू आत जाऊन भाषण कर." म्हणून उभा आहे.

थांबा. साहेब दारात आलेत. काय साहेब? गेट उघडलं? सगळे जहाजावर? देवा रे! हा बघा, पोरीचाच मेसेज. "पप्पा, वी आर ऑन द शिप. डोन्ट क्राय." रडतंय कोण! अरे, टाळ्या काय वाजवता, पाणी द्या मला.

साहेब, या ना, बसा आता. नाही? मंडळी, साहेब परत बाहेर चाललेत. मेजर अजून लाइनवर आहे म्हणतात. जहाज सुटलं तरी फोन ठेवत नाही. त्याला विचारायचंय, उद्या राजधानीची फौज आली की माझ्या शिपायांचं काय होणार? साहेब ऐकून घेताहेत.

तेव्हा सत्कार थोडा थांबेल. कुंदाताईंचे, पाहुण्यांचे, आपणा सर्वांचे मनापासून आभार. जिवाच्या घालमेलीत काही वेडंवाकडं बोललो असेन तर पदरात घ्या. घरी जाऊन क्रिस्टिनासाठी मेणबत्ती लावणार आहे. एक त्या मेजरसाठीही लावीन. साहेबांकडून त्याचं नाव तेवढं विचारून घेतो.