नामदिनाचा पाहुणा

(रीगा, १९२८. वकील तालिवाल्दिस यांचा नामदिन, म्हणजे कॅलेंडरमधला त्यांच्या नावाचा दिवस. दिवाणखान्यात पाहुणे. स्वयंपाकघरात ते, त्यांची बायको वेल्टा आणि मागच्या दाराने आलेला तिचा भाऊ झानिस.)

वेल्टा: अहो, हळू बोला! पक्षाचे अध्यक्ष बाहेर बसलेत.

तालिवाल्दिस: म्हणूनच म्हणतोय, याला मागच्या मागे घालव. परवा माझी उमेदवारी ठरायची आहे आणि घरात बोल्शेविक!

झानिस: बोल्शेविक उपाशी आहे, दाजी. तो केशरी केक जरा इकडे सरकवा.

तालिवाल्दिस: तुला बोलावलं कुणी?

झानिस: नामदिनाला कुणी कुणाला बोलावतं का? ज्याला आठवतं तो येतो. मला आठवलं.

वेल्टा: आणि आलेल्याला दारातून परत पाठवायची आपल्यात रीत नाही. सासूबाईंनी तर झडतीला आलेल्या जर्मन शिपायालासुद्धा कॉफी पाजली होती.

तालिवाल्दिस: त्या शिपायाने बंदरावर पत्रकं नव्हती वाटली! यानं वाटली. त्यात मला 'कारखानदारांचा बोलका पोपट' म्हटलंय!

झानिस: 'बोलका' मी घातलं. बाकीचे नुसत्या पोपटावर खूश होते.

वेल्टा: झानिस, खरं सांग. एवढ्या बर्फातून तू केकसाठी येणारा नाहीस.

झानिस: सोमवारी खटला आहे, ताई. त्याच पत्रकांचा. काही वर्षं तरी आत जाईन. एकही वकील उभा राहायला तयार नाही.

तालिवाल्दिस: आणि मी राहू? अरे, तुम्हा लोकांना गजाआड टाका म्हणून मी सभांमधून घसा फोडतो! अध्यक्ष मला उमेदवारी देतील की नारळ?

झानिस: तेही खरंच. निघतो. नामदिनाच्या शुभेच्छा, दाजी.

तालिवाल्दिस: बस खाली! तोंडातला घास तरी संपव.

वेल्टा: अहो...

तालिवाल्दिस: एकोणीस साली रीगा बोल्शेविकांच्या ताब्यात होती, तेव्हा तुझ्या लोकांनी माझ्या वडिलांना याच खोलीतून नेलं. त्यांच्या बाजूने एक शब्द कुणाला बोलू दिला नाही. तेव्हापासून तुमच्या क्रांतीचं नाव काढलं की माझ्या अंगाची आग होते.

झानिस: माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे मागायची लाज वाटत होती.

तालिवाल्दिस: सोमवारी कोर्टात तू तोंड उघडायचं नाहीस. कामगार नाही, क्रांती नाही. काय बोलायचं ते मी बोलेन.

झानिस: आणि उमेदवारी?

वेल्टा: अहो, अध्यक्ष हाक मारतायत. आत कोण आलंय म्हणून विचारतायत.

तालिवाल्दिस: सांग त्यांना, माझा मेहुणा आहे. आणि माझा अशील. घेऊन येतोय म्हणावं.