कठड्याकडे वळताना

(नाट्यगृहातली रंगपटाची खोली. आरशापुढे बाई बसल्या आहेत, चेहऱ्याला रंग नाही. ऑर्गन वाजवणारे मास्तर दारात उभे. प्रयोगाला अजून वेळ आहे.)

मास्तर : तसं विशेष काही नाही, बाई. म्हटलं तब्येत विचारून यावं.

बाई : तब्येत विचारायला ऑर्गन सोडून वर आलात? इतकी वर्षं माझी तब्येत तुम्ही खालूनच ओळखत आलात. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय माझ्यासारखाच झालाय.

मास्तर : डॉक्टर काय म्हणाले?

बाई : महिनाभर जिना चढायचा नाही. मी म्हटलं, अहो, माझी भूमिकाच जिन्याची आहे. त्यांना वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय.

मास्तर : त्यांचं तरी काय चुकलं? पहिल्या अंकात सोळा वर्षांची, तिसऱ्यात सत्तरीची, आणि वर हातात कंदील घेऊन गात गात दीपगृह चढायचं. अशी भूमिका लिहिणाऱ्याला एकदा तरी तो जिना चढायला लावायला हवा होता.

बाई : माझ्याआधीची एक आवाज घालवून बसली, दुसरी गुडघा. मी दोन्ही सांभाळले म्हणून मिरवत होते. परवा अर्ध्या जिन्यावर अंधारी आली आणि कठडा धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय अभिनय करतेय.

मास्तर : आता आराम करा. महिना काय, बघता बघता जाईल. तोवर तुमच्या जागी लेक आहेच.

बाई : हं. आता ज्यासाठी आलात ते बोला.

मास्तर : शेवटचं गाणं... आज पट्टी कुठली धरायची, एवढंच विचारायचं होतं.

बाई : नेहमीची.

मास्तर : नेहमीचीच ना?

बाई : मास्तर, नेहमीची म्हणजे नेहमीची. यात विचारायचं काय?

लेक : (आत येत) आई, मी आज रंगमंचावर जात नाही. अरे, मास्तरकाका, तुम्हीपण आहात का. बरं झालं, तुमच्यासमोरच सांगते. मला नाही जमत.

बाई : अर्धे केस बांधलेत आणि जात नाही म्हणतेस?

लेक : काल तालमीत तू नव्हतीस. शेवटच्या गाण्यात मी सारखी वाद्यांच्या वर जात होते. दिग्दर्शकांनी तीनदा थांबवलं. म्हणाले, चढतेयस, कान दे. मी कान देऊन खाली आले तर आवाजच फुटेना, सगळा घशात अडकला. आई, हे गाणं मी भिंतीपलीकडून तुझ्या रियाजात ऐकत मोठी झाले. झोपेत उठवलं तरी म्हणेन. आणि काल मला माझाच सूर सापडेना.

मास्तर : अगं पोरी, ते म्हणजे...

बाई : दमली असशील. रिकाम्या नाट्यगृहात असं होतं कधी कधी.

लेक : तिथं खाली वाद्यवाले एकमेकांकडे बघत होते. बाईंची लेक आणि बेसूर, असंच म्हणत असणार. आजपर्यंत मला कुणी बेसूर म्हणालं नव्हतं गं.

बाई : रडू नकोस, काजळ उतरेल. अगदीच होत नसेल, तर मी बोलते दिग्दर्शकांशी. महिनाभर नाटक बंद राहील. मग मी येतेच आहे.

लेक : खरंच बोलशील?

बाई : बोलते म्हटलं ना. तू जा, पण पिना काढू नकोस अजून. बाहेर थांब जरा.

मास्तर : बाई.

बाई : दार लोटून घ्या.

मास्तर : पोरगी बेसूर नाही.

बाई : मला माहीत आहे.

मास्तर : नाही, तसं नव्हे. मला काय म्हणायचंय, तुमच्या त्या घशाच्या दुखण्यानंतर मी...

बाई : पट्टी काळी चारवरून खाली पांढरी पाचवर आणलीत. आणि गेल्या वर्षी आणखी खाली, काळी तीनवर. सगळ्या वाद्यवाल्यांना दम भरलात की बाईंच्या कानावर जाता कामा नये.

मास्तर : कुणी सांगितलं तुम्हाला?

बाई : बासरीवाल्याच्या हातात एके दिवशी लांब बासरी दिसली. बासरी काय वयानं वाढते? आणि मास्तर, दिसली नसती तरी काय. जन्मभर ज्या सुराशी झटापट केली, तो एक दिवस आपणहून खाली येऊन मांडीवर बसला. मला कळणार नाही?

मास्तर : मग बोलला का नाहीत कधी?

बाई : बोलले असते तर तुम्ही शरमेनं परत वर नेली असतीत. आणि मला वर जाता आलं नसतं. तुम्ही मला फसवताय असं तुम्हाला वाटत होतं, ते बरं होतं. दोघांची अब्रू झाकलेली राहिली.

मास्तर : मला वाटायचं, देवाघरी याचा जाब द्यावा लागेल.

बाई : तिथं मी साक्ष देईन तुमच्या बाजूनं.

मास्तर : पण पोरीचा आवाज वरचा आहे. काळी तीनवर तो बसत नाही. आजही तिथंच धरली तर ती तिसऱ्या अंकात बुडेल, आणि परत कधी रंगमंचावर उभी राहणार नाही. मी तिला लहानपणापासून ओळखतो.

बाई : आणि काळी चारवर धरलीत तर?

मास्तर : तर... बाई, मला हे बोलायला लावू नका.

बाई : बोला.

मास्तर : तर लोकांना मूळ गाणं ऐकू येईल. कितीतरी वर्षांनी. मग महिन्यानं तुम्ही परत आलात, की त्यांना फरक कळेल.

बाई : समीक्षकच काय, पहिल्या रांगेतलं शेंबडं पोरही सांगेल.

मास्तर : म्हणून तर विचारायला आलो. माझ्या हातानं मला हे करवत नाही.

बाई : मघाशी तिला म्हणाले ना, बोलते दिग्दर्शकांशी. मी खरंच बोलणार होते, मास्तर. ती रडत होती आणि मला आतून बरं वाटत होतं. आई म्हणवते मी स्वतःला.

मास्तर : असं म्हणू नका.

बाई : का नको? ही भूमिका मला खाऊन झाली, आता तिच्या वाट्याला येतेय, आणि मी ताट अडवून बसलेय. जा, खाली जा. बासरीवाल्याला म्हणावं, जुनी बासरी काढ.

मास्तर : काळी चार?

बाई : काळी चार. आणि जाताना तिला आत पाठवा.

लेक : बोललीस?

बाई : बोलले. मास्तरांशी. इकडे ये, केस पुरे करते. तू चढत नव्हतीस काल. वाद्यंच खाली होती.

लेक : खाली? ती कशी?

बाई : माझ्यासाठी आणली होती. मला वरचं जमत नव्हतं, बरीच वर्षं. आज तुझ्या कानातलाच सूर मिळेल तुला.

लेक : मग महिन्यानं तू आलीस की परत खाली न्यायची?

बाई : मान हलवू नकोस, पीन टोचेल.

लेक : आई...

बाई : कंदील डाव्या हातात धर. उजवा कठड्याला मोकळा हवा.

लेक : बरं. आणि वरच्या पायऱ्यांवर तू श्वास कुठे घेतेस ते? किती वेळा विचारलं, सांगत नाहीस. ते तू आल्यावर दाखव हं.

बाई : आत्ताच ऐकून ठेव. चौथ्या ओळीनंतर, कठड्याकडे वळताना. लोकांना वाटतं, ती समुद्राकडे बघतेय.