मुरमातला सटवाजी

ऐका. ती शेकोटी जरा पुढं सारा, आणि मागच्यांनी कुजबुज बंद करा. ही गोष्ट हळू सांगायची आहे. हिच्यातलं पाणीच हळू चालतं.

आपल्या डोंगरावरचं पाझर तळं ठाऊक आहे ना? तेव्हा ते नवं होतं. पावसाळ्यात काठोकाठ भरायचं आणि होळीच्या आत रिकामं! सरपंच कोंडिबा चिडायचा. "गळकं तळं आहे. तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरू, पाणी वरच्या वर धरू."

खालच्या वाडीत आपल्या गावच्या महिपतीची बहीण चांगुणा नांदायची. ती तणतणत वर आली. "कोंडिबाभाऊ, तळं गळत नाही, आमच्या विहिरीत उतरतं! कागद घातलात तर आम्ही प्यायचं काय?"

"मधे अख्खा डोंगर आहे, बाई. पाणी काय जिना उतरून येतं?"

"मग मिठाची पोती टाका तळ्यात. विहीर खारट लागली तर कागद परत."

"आणि नाही लागली तर?"

"तर कागदाचं टोक धरायला मी स्वतः येते!"

दिवाळी सरता मीठ टाकलं. आता लोकांना वाटतं, वर ओतलं की खाली निघालं. तसं नसतं, बाबांनो! आधी माती पिते. मातीचं पोट भरलं की मुरूम पितो. मग खडकाच्या भेगा शोधत पाणी मुंगीच्या चालीनं जातं. दिवस गेले, विहीर गोडच. शेवटी सरपंचानं सांगितलं, बास, उद्या उजाडताच उरलेलं पाणी उपसायचं आणि कागद अंथरायचा.

चांगुणानं भावाला निरोप धाडला. "दादा, उजाडायच्या आत विहिरीवर ये. शेवटचं चाखू. वरच्या गावातलं कुणीतरी साक्षीला हवं."

महिपती अंधारात निघाला. हौसेनं नाही हां. बायको गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. भाकर वाढली तर खाल्ली, नाही वाढली तर नाही. एकदा विंचू चावला, तर हा नुसता बघत राहिला त्याच्याकडं! बहिणीनं बोलावलं म्हणून निघाला, आणि जवळची म्हणून उंबराची वाट धरली.

उंबराची वाट! तिथंच सटवाजी विहीर खोदताना गाडला गेला होता. दरड कोसळली, प्रेत काही निघालं नाही, विहीर तशीच बुजवली.

महिपती चालतोय. आणि बघतो तर वाटेवर ओली पावलं. ठणठणीत कोरडी वाट, आणि ओली पावलं! टाचा पुढं, बोटं मागं. तुम्ही पळाला असतात. हा त्याच पावलांवर पाय देत गेला.

मग जमिनीखालून हाक आली. "महिपती, तंबाखू आहे का?"

अशा हाकेला ओ द्यायची नसते! ह्यानं दिली. "आहे. पण चुना संपलाय."

झालं! ओ दिली आणि जमीन मऊ पडली. घोटे आत गेले. गुडघे आत गेले. चिखल असा गार, की पाय आहेत का नाहीत कळेना. आणि उंबराखाली उभी कोण? त्याची मेलेली बायको, रंजना! तेच हिरवं लुगडं. पदरातून पाणी निथळतंय.

"खाली या," ती म्हणाली. "इथं काही जाणवत नाही."

आणि ऐका, महिपतीला ते बरं वाटलं हो! कमरेपर्यंत रुतला, तरी हात हलवला नाही त्यानं.

"विहिरीकडं जाऊ नका. कागद पडू दे." आता आवाज बाईचा नव्हता. पुरुषाचा होता, घोगरा. "तळं झाल्यापासून पाणी माझ्या अंगावरून जातंय रे. हाडं सुकत नाहीत. मला कोरडं व्हायचंय. त्यात परवापासून डोळ्यांना झोंबतंय."

महिपतीनं मान वर केली. "काय झोंबतंय?"

"पाणीच. खारं झालंय मेलं."

खारं! म्हणजे मीठ इथवर उतरलं होतं. इथून विहीर तर हाकेवर! चांगुणा खरं बोलत होती, आणि उजाडताच कागद पडणार होता.

महिपतीनं उंबराची मुळी धरली. खालून दोन गार हातांनी पोटऱ्या आवळल्या. "थांब की. एकटाच आहे मी." हा ओढतोय, तो ओढतोय. वहाणा गेल्या. धोतर गेलं. महिपती लंगोटीवर बाहेर! उभं राहता येईना, तर कोपरांवर सरपटत विहीर गाठली.

झुंजूमुंजू झालं. चांगुणा घागर घेऊन आली. "अगंबाई! दादा, धोतर कुठं तुझं?"

"पाणी काढ आधी."

त्यानं ओंजळ तोंडाला लावली. थांबला. "मला चव कळंना. तू घे."

तिनं घोट घेतला आणि थू करून टाकला. मग तिथंच मटकन बसून रडायला लागली. हसत पण होती. सरपंचाला बोलावून आणलं, त्यानं चाखलं, थुंकला, आणि कागद परत पाठवला.

महिपतीला गुडघ्याखाली अजून काटा टोचलेला कळत नाही. भीती वाटली होती का, असं विचारलं तर म्हणतो, "नाही. पण त्याला कोरडं व्हायचं होतं, आणि मी होऊ दिलं नाही."

तर पोरांनो, विहिरीचं पाणी खुशाल प्या. पण उंबराच्या वाटेनं जाऊ नका. रात्री नाही, दिवसाही नाही. तळं दर पावसाळ्यात भरतं, आणि तो खाली अजून भिजतोय.