मनीच्या मिशीला दूध

आमच्या मांजराला, मनीला, तुमी साधी समजू नका. दुष्काळात आमची म्हैस आटली, डेअरीला दूध घालनं बंद झालं. तरी मनी रोज सकाळी गायब व्हायची अन् परत येऊन आईच्या मांडीत घुरघुरत बसायची. आई म्हनली, "घरात चहाला थेंब न्हाई, मंग हिच्या मिशीला दूध कुठून?"

मी तिच्या मागं गेलो. बाईसाहेब थेट डेअरीत! फॅट तपासून उरलेलं दूध सेक्रेटरी तिला झाकनात वतत होते.

मी म्हनलो, "सायेब, आमचं दूध तर बंद हाय."

"दूध बंद हाय, सभासद चालू हाय!"

घरी येऊन सांगितलं, तर आई मनीला कुरवाळत म्हनली, "उद्या हिच्या गळ्यात किटली अडकीव. आपला बी चहा व्हईल."