बेचाळीस पहारेकरी

...अहो, पण मास्तरांचा काय संबंध साहेब? तेच तर मघापासून सांगतेय. आणि त्या स्टुलावर नका बसू — त्याचा एक पाय आखूड आहे, गेल्या वर्षी पाद्रीबाबा त्यावरून गेले ते थेट पातेल्यात — बरं, पातेल्यात नाही, पातेल्याजवळ. इथं बसा, कोबीच्या बाजूला. मला हात थांबवता यायचे नाहीत. साडेबाराला पोरं येतात जेवायला, आणि भुकेल्या पोरांना चौकशी-बिवकशी काही कळत नाही.

हं, विचारा. स्फोट कसा झाला? स्फोट! शब्द बघा बाईंचा. आमच्या नव्या मुख्याध्यापिकाबाईंनीच लिहिलाय ना तक्रारीत? चेस्टनट फुटले हो. संत मार्टिनच्या दिवशी चेस्टनट नाही फुटणार तर काय, ढेकूण फुटतील? तुम्ही लिस्बनचे, नाही का? तरीच. तुम्हाला ते भाजलेले, कागदाच्या पुडीत, कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळतात. आमच्याकडे डोंगरात तसं नाही. अकरा नोव्हेंबरला शाळेच्या पटांगणात पाइनच्या वाळक्या पाल्याचा ढीग, त्यात चेस्टनट, वरून मूठभर मीठ, आणि लावायची काडी. जाळ ओसरला की पोरं राखेत हात घालणार, चेस्टनट खाणार आणि एकमेकांची तोंडं काळी करणार. त्या दिवशी पोर स्वच्छ तोंडानं घरी गेलं तर आई कपाळाला हात लावून बघते — ताप आहे का म्हणून! हे माझ्या आजीच्या वेळेपासून चालू आहे, आणि आजवर कुणाच्या भुवईचा एक केस जळलेला नाही. बरं, एकदा जळला. पण तो मूळचाच विरळ होता.

आता ऐका, घोडं कुठं अडलं ते. चेस्टनट भाजायच्या आधी प्रत्येकाला सुरीनं एक चीर द्यावी लागते. नाही दिली तर आत वाफ कोंडते आणि — फाट! हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल. पण एक, फक्त एक, मुद्दाम बिनचिरेचा ठेवायचा. आम्ही त्याला पहारेकरी म्हणतो. का? कारण आत काय चाललंय ते बाहेरून कसं कळणार? पहारेकरी फुटला, की समजायचं बाकीचे भाजले. घराघरात तव्यावर असतो तो. शाळेत इतकी वर्षं आम्ही ह्याच टेबलाभोवती बसायचो, मी, अदेरितो मास्तर आणि चौथीची मोठी पोरं. सगळ्यांना चिरा द्यायचो आणि शेवटी मास्तर एक उचलून म्हणायचे, "आज पहाऱ्यावर कोण?" — पोरं त्याला नावसुद्धा ठेवायची. एक ढीग, एक पहारेकरी. सरळ हिशेब.

मग आल्या बाई. सप्टेंबरात आल्या आणि नोव्हेंबरपर्यंत अठरा परिपत्रकं. जिन्यावरून कसं उतरायचं, हात किती वेळ धुवायचे — मी सव्वीस वर्षं ह्या स्वयंपाकघरात आहे, मला हात धुवायला शिकवतात! त्यातलं सोळावं की सतरावं: शाळेत सुरी चालणार नाही, चेस्टनट घरूनच चिरून आणावेत. झालं. मास्तर गेले होते त्यांच्याकडे, म्हणाले, बाई, असं नका करू. बाई म्हणाल्या, "अदेरितो सर, सुरक्षितता महत्त्वाची." आता सांगा, बेचाळीस पोरं, तीन गावांची — फोंतेला आणि रेबोर्दिन्हाच्या शाळा बंद करून इथं आणलीत ना तुम्ही लोकांनी त्यांना — बेचाळीस घरांत बेचाळीस आज्या सुऱ्या घेऊन बसल्या. आणि प्रत्येकीनं काय केलं?

बरोब्बर. आत्ता हसलात. प्रत्येक पिशवीत एक पहारेकरी.

बाई जाळाशेजारी उभ्या राहून भाषण करत होत्या — परंपरा आणि आधुनिकता. "आधुनिकता" तोंडातून निघायला आणि पहिला फुटायला एकच गाठ पडली. मग काय विचारता! फाट, फाट, फटाफट — एक चर्चच्या घंटेवर जाऊन आपटला, टण्ण वाजली घंटा, अर्धं गाव मयताला आल्यासारखं टोप्या काढून धावत आलं. एक बाईंच्या कोटाला भोक पाडून गेला. समोरच्या एउलालियानं पोलिसांना फोन केला की शाळेत गोळीबार चाललाय. पोरं? पोरं आनंदानं वेडी झाली होती साहेब! प्रत्येकजण ओरडत होता, माझा गेला, माझा गेला! एकालाही इजा नाही. कोटाला तेवढी झाली.

पिशव्या तपासायचं काम कुणाचं होतं? आता... ते कागदावर मास्तरांचं नाव आहे खरं. कागदावर. पण पिशव्या इथंच आल्या होत्या, ह्या टेबलावर. मी बघितल्या. हो, म्हणजे वरवर. दिसलं नाही मला काही, माझा चष्मा तेव्हा...

असं नका बघू हो माझ्याकडे. 

दिसलं. बरं, दिसलं! मी काय आंधळी आहे? सगळे वेचून काढले होते मी, त्या निळ्या भांड्यात. बेचाळीसच्या बेचाळीस. एक आत टाकला, आमच्या गावचा, आणि काम संपलं. मग ती आली, फोंतेलाची फिलोमेना, दुसरीतली, एवढीशी. "मावशी, आमचा आहे ना आत?" मी म्हटलं, अगं, एकच असतो. ती म्हणाली, "मग तो तुमचाच का?" रडली नाही हो. रडली असती तर गोळी देऊन गप्प केली असती. नुसती उभी राहिली. त्यांच्या गावात शाळा नाही, दुकान नाही, पाद्री महिन्यातून एकदा जातो. टाकला तिचा. मग रेबोर्दिन्हाची दोघं दारात उभी. त्यांचाही टाकला. एकाचा घेतला तर दुसऱ्याचा का नाही, सांगा ना? शेवटी मी ते भांडंच उपडं केलं. आणि खरं सांगू — बाईंचा तो सतरावा कागद समोर भिंतीला चिकटवलेला होता, तो बघून हात जरा जास्तच जोरात उपडा झाला.

मास्तरांना माहीत होतं का? त्यांनी दारातून पाहिलं. काडी लावायच्या आधी पोरांना दहा पावलं मागे नेऊन उभं केलं फक्त. आणि नंतर बाईंनी फाटकाशी किंचाळून विचारलं, जबाबदार कोण? तेव्हा ते म्हणाले, मी. मी तिथंच होते, हातात चिमटा घेऊन. तोंड उघडलं नाही. नऊ दिवस झाले. त्यांना निवृत्तीला आठ महिने उरलेत आणि त्यांना बदली करून पाठवताय जिल्ह्याच्या पार त्या टोकाला — दुपारी घरी जाऊन बायकोला भरवतात ते, तिचे हात चालत नाहीत. कोण भरवणार तिला? मी? मी भरवीन हो, पण ती माझ्या हातून खाईल का, हे कळल्यावर?

मला भीती वाटली. लिहा तसं. ह्या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार?

काय? कबुलीजबाबावर सही केली मास्तरांनी? कधी — आज सकाळी? मग मला कशाला विचारत बसलात इतका वेळ? रीत म्हणून?

आणा तो कागद इकडे. फाडत नाही हो, हात ओले आहेत म्हणून कडेला धरते. पेन द्या. इथं, त्यांच्या सहीच्या वर — जागा आहे, मी बारीक लिहिते. ग्रासिएत पिमेंता, स्वयंपाकीण. सगळे मी टाकले. हं. झालं.

आता हा पुन्हा बाईंच्या टेबलावर न्यायच्या आधी मास्तरांना दाखवा. तिसरा वर्ग, डाव्या हाताला. नाही, मी येत नाही, मला त्यांच्यासमोर — तुम्ही जा. उठा ना. सूप? सूप नाही मिळायचं. ते मुलांचं आहे.