कोरियन गाणी आणि माझे मंत्र

उन्हाळ्याच्या सुट्टीचं नाव काढू नका. शाळा बंद झाली आणि आमच्या नातीला कोरियन गाणी सापडली. भर दुपारी, माझ्या झोपेच्या वेळेला, तेच गाणं दहादा!

मी ओरडलो, "मिनू, एक शब्द तरी कळतो का त्यातला?"

"नाही. पण आजोबा, गणपतीत आरतीनंतर सगळ्यात जोरात मंत्र तुम्हीच म्हणता ना? त्यांचा मतलब सांगा. सांगितलात तर गाणी बंद, पक्का."

चौथी शिकलेला माणूस मी, संस्कृत कुठून आणू? तसाच चप्पल घालून तापल्या उन्हात बाग सेवनिया मोहल्ल्यात गेलो, आमच्या मंडळाची पूजा सांगणाऱ्या जोशीकडे.

जोशी म्हणाला, "अर्थ? काका, मी तर वीस वर्षं तुमच्याकडे बघून ओठ हलवतोय."